लागलं की हात जोडायचे न्हाईत

बोअरच्या गाडीवर बारा वर्षं काढली की माणसाला वाटतं, जमिनीच्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं. मलाही वाटायचं. बदनापूरपासून राजूरपर्यंत कुणाच्या वावरात किती फुटांवर काळा पाषाण लागतो, हे मी झोपेत सांगितलं असतं. माझा लहानपणचा दोस्त अकिब आखातात तेलाच्या विहिरींवर कामाला हाये. तो सुट्टीवर आल्ता. म्हणाला, आमच्या कंपनीत माणसं घेऊन राह्यले, तू परीक्षा पास हो, तुझ्यासाठी मी साहेबाला जबान दिली. मी अभ्यासाच्या आधी पासपोर्टचे फोटो काढले.

अभ्यास म्हणजे काय, तर चिखल. तेलाची विहीर खोदताना नळातून चिखल खाली सोडतात. तो दगडाचा चुरा घेऊन बाजूनं वर येतो, अन् आपल्या वजनानं खालचा गॅस दाबून ठेवतो. मला हसूच आलं. आमच्याकडं चिखलाला कुणी विचारत न्हाई, अन् हे लोक त्याचं वजन करतात. वहीत मी एवढंच लिहिलं: चिखल, समजला.

माझा मेहुणा पप्पू तर परीक्षेच्या आधीच स्टँडसमोर बॅनर लावून मोकळा झाला. वसंताभाऊंची परदेशी तेल कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मी त्याला नको म्हणायला पाहिजे होतं. मी विचारलं, फोटोत गॉगल कोणता घालू.

परीक्षा पनवेलला होती. पडद्यावर खोटी विहीर, समोर खरे दांडे अन् काटे. खोदता खोदता एक काटा सरकला. खाली सोडला त्याच्यापेक्षा जास्त चिखल वर येऊन राह्यलता, म्हणजे खालून गॅस घुसलेला. अशा वेळी चार कामं असतात. नळ वर उचल, पंप बंद कर, वाहतंय का बघ, वाहत असलं तर विहिरीचं तोंड आवळ. मला सगळं तोंडपाठ. पण बोअरवर खालून काही उसळलं की ऑपरेटर हात जोडतो अन् मालक नारळ फोडतो. माझे हात मला न विचारता जोडले गेले. वर मी "लागलं!" म्हणून ओरडलो. पडद्यावरची विहीर भडाभडा पेटली. परीक्षा घेणाऱ्या साहेबानं शांतपणे विचारलं, नमस्कार कुणाला केला? नापास. दहा दिवसांनी एकदाच आणखी संधी, मंग विषय संपला.

घरी आलो तर बॅनर तसाच. मी स्टँडवर जायचंच सोडलं. बायको, मीना, म्हणाली, भाजी आणायला त्या गॉगलवाल्याला पाठवू का? उथळ पाण्याला खळखळाट फार, तो सगळा आधीच करून झाल्ता.

अकिब चिडला न्हाई, तेच जास्त लागलं. त्याच्या कंपनीतल्या साहेबासमोर त्याची मान खाली जाणार होती. तो म्हणाला, "वसंता, तुझं डोकं बराबर हाये. हातांना शिकव. गाडीवर पाणी लागलं की हात जोडू नको, बंद कर."

राजूरला उषाबाईंचा बोअर होता. आधीचे दोन कोरडे गेल्ते. तिसऱ्याला तीनशे वीस फुटांवर भस्सकन पाणी उडालं. सगळे ओरडले. मी मात्र शहाणा. चार कामं पुटपुटत खोदायचा नळ उचलला, कॉम्प्रेसरची हवा बंद केली अन् हात आडवे करून माणसं मागं सारली. आता बोअरचं पाणी हवेच्या जोरावर वर येतं, हवा थांबली की तेही थांबतं. उषाबाईंना मी काही सांगितलंच नव्हतं. म्हातारी मटकन खाली बसली.

"गेलं का रे?"

माझ्या अभ्यासापायी मी तिच्या डोळ्यांदेखत तिचं पाणी घालवलं होतं. मी तिच्याजवळ बसलो. म्हणालो, "गेलं न्हाई मावशी. खालीच हाये." हवा सोडली, पाणी आलं, तिनं नारळ फोडला. पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला, तेव्हा मला तिच्याकडं बघवेना.

दहाव्या दिवशी पुन्हा पनवेल. काटा सरकला. नळ उचलला, पंप बंद केला, वाहताना बघितलं, तोंड आवळलं. पडद्यावर सगळं शांत. साहेब खुर्चीत मागं रेलले. म्हणाले, झालं, विहीर बंद, आता जेवायला जायचं ना? सोबत परीक्षेला बसलेली दोन पोरं उठलीसुद्धा.

मला उषाबाई दिसल्या, मातीत बसलेल्या.

"गेलं न्हाई साहेब," मी म्हणालो. "खालीच हाये." अन् दाबाचा काटा दाखवला. तो हळूहळू चढून राह्यलता, म्हणजे गॅस खालून अजून दाबूनच राह्यलता.

साहेबानं माझ्या कागदावर बरोबरची खूण केली अन् पोरांना परत बसवलं. अकिबला लगेच फोन करायचा होता, पण करता येईना. माझे दोन्ही हात टेबलाखाली जोडलेले होते.