बॉम्ब देऊन टाकलेल्या देशातून

मी एक किरणमापक बोलतोय. साबणाच्या वडीहून थोडा मोठा, करड्या प्लॅस्टिकचा, पोटात बॅटरी. मातीत, हवेत, दुधात जे घातक किरण असतात ते ना दिसतात, ना त्यांना वास असतो. ते मला लागले की मी टकटक करतो. थोडी टकटक तर कुठंही असतेच, अगदी घराच्या भिंतीशीही. त्यामुळे पुरती शांतता म्हणजे काय, ते मला जन्मात कळलं नाही.

ज्या सोव्हिएत देशात मी घडलो, तो आता नकाशावर नाही. मला विकत घेतलं डॉक्टर झौरेश यांनी. बाई कझाकस्तानातल्या सेमे शहराच्या. त्या शहराच्या पलीकडे मोकळ्या माळावर सरकारनं चाळीस वर्षं अणुबॉम्ब फोडून पाहिले होते. बाई मला घेऊन माळाकडेच्या गुराख्यांच्या वस्त्यांवर जायच्या. एका वस्तीवर एक बाळंतीण उन्हात लेकराला पाजत बसली होती. बाईंनी मला तिच्या अंगणातल्या मातीशी धरलं, आणि मी असा काही वाजलो की ती लेकराला छातीशी घेऊन आत पळाली. जसं काही ते विष मीच आणलं होतं.

पुढं सोव्हिएत देश फुटला आणि कझाकस्तान स्वतंत्र झाला. नव्या देशाकडे स्वतःचं चलनसुद्धा नव्हतं, पण हजाराच्या वर अणुबॉम्ब त्याच्या जमिनीवर राहून गेले होते. ते ठेवायचे की देऊन टाकायचे, यावर राजधानीत खल सुरू झाला. आज अमेरिकेचे दूत, उद्या रशियाचे. काल-परवा मंत्री झालेल्या माणसांना लगोलग मुत्सद्दी व्हावं लागलं. अशाच एका बैठकीत झौरेशबाईंना बोलावणं आलं. बरोबर मीही होतो.

परराष्ट्र खात्यातला एक तरुण अधिकारी म्हणाला, "बॉम्ब आहेत म्हणून हे लोक आपल्या दारात येतात. उद्या देऊन टाकले, तर आपल्याला विचारणार कोण?"

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बाईंनी वाद घातला नाही. मला टेबलावर ठेवलं. मी सवयीप्रमाणे हलकेच टकटकलो.

"हे तर काहीच वाजत नाही," तो म्हणाला.

"इथं वाजत नाही, म्हणूनच तुम्ही इथं निवांत बसून बोलू शकता," बाई म्हणाल्या. "पुढची बैठक माळावर घ्या."

बैठक माळावर झाली नाही. पण देशानं बॉम्ब सोडायचं ठरवलं. भोळेपणानं नाही सोडले. आमच्यावर हल्ला करणार नाही अशी हमी मोठ्या देशांकडून लिहून घेतली, मोबदल्यासाठी घासाघीस केली. काही वर्षांनी शेवटचा बॉम्ब सरहद्दीपार गेला, तेव्हा बाईंच्या घरी शेजारीपाजारी जेवायला आले होते. बाई मात्र अर्ध्या जेवणातून उठल्या नि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "बॉम्ब गेले," त्या म्हणाल्या, "माती कुठं जाणार?"

त्यानंतर कितीतरी वर्षं मी कपाटातल्या लोकरी मोज्यांमध्ये पडून होतो. मला बाहेर काढलं ते कहकशानं. जालना जिल्ह्यातल्या आष्टीची ही मुलगी डॉक्टर व्हायला सेमेला आली होती आणि बाईंच्या घरी राहायची. शिक्षण संपवून निघाली, तेव्हा बाईंनी मला तिच्या हातात दिलं. "माझ्यामागं हा भंगारात जाईल. तुझ्याकडे असू दे."

असा मी आष्टीला आलो. कहकशाचे अब्बा मुबारकभाई गाद्या भरून देतात. त्यांच्या दुकानाला लागूनच तिनं दवाखाना थाटला. तिच्या टेबलावर माझी जागा. कापूस पिंजायचं यंत्र पलीकडे घरघरायचं, माझ्या अंगावर कापसाचे तंतू बसायचे. मला वाटलं, आता म्हातारपण सुखात जाईल.

मागच्या उन्हाळ्यात सीमेवर गोळ्या चालू झाल्या. गावात जो तो मोबाइलला डोळे लावून. दवाखान्यात भुजंगराव रक्तदाब तपासायला आले होते. त्यांचा भारत नावाचा मुलगा फौजेत होता, सीमेवर. चार दिवस त्याचा फोन लागत नव्हता. शेजारी बाकावर खतदुकानवाला भिवा बसला होता.

"एकडाव अणुबॉम्ब टाकून मोकळं व्हावं," भिवा म्हणाला. "रोजची कटकट मिटंल. ठेवलाय कशाला मंग?"

कहकशाचा हात भुजंगरावांच्या दंडावर थांबला. दारातून मुबारकभाईंनी तिच्याकडे पाहिलं. बोलू नको, असं ते पाहणं होतं. तरी ती बोलली. सेमेच्या माळाबद्दल, वाकड्या हातापायांच्या लेकरांबद्दल, बॉम्ब देऊन टाकणाऱ्या त्या नव्या देशाबद्दल.

भिवानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्याच्यासंगंच युक्रेननं बी देऊन टाकले व्हते ना? त्यालाबी हमी दिल्ती. काय झालं त्याचं? रोज टीव्हीवर पाहून राह्यलो आपण."

कहकशा भुजंगरावांच्या दंडावरचा पट्टा सोडू लागली.

"आन् डॉक्टरीणबाई," भिवा उठता उठता म्हणाला, "तुम्ही कोनाच्या बाजूनं बोलून राह्यल्या?"

दुसऱ्या दिवशी बाक रिकामा राहिला. तिसऱ्या दिवशीही. घरात मुबारकभाई लेकीला म्हणाले, "बात बराबर थी तेरी. पर हमारे मुँह से निकली तो अलग सुनते लोगाँ." लालबी, तिची अम्मी, ताटावरून न जेवताच उठली.

त्या दुपारी कहकशानं झौरेशबाईंना व्हिडिओ फोन लावला आणि भिवाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. बाई आता फार थकल्यात.

"तो माणूस बरोबर विचारतोय," त्या म्हणाल्या. "कागदावरची हमी फाटते. तेव्हाही मला ठाऊक होतं, अजून त्याची भीती वाटते. पण बॉम्ब ठेवले असते तर भीती गेली असती, असं तुला वाटतं का? मी त्या बाळंतिणीला पाहिलंय. दोन भीतींतली एक निवडायची होती, आम्ही ही निवडली."

कहकशानं फोन ठेवला. तिचं समाधान झालं नव्हतं. माझंही नाही.

गोळ्या थांबल्या. पाऊसपाणी झालं, कापूस फुटायला आला, तसे पेशंटही हळूहळू परतले. भिवा मात्र अजून समोरून नुसता निघून जातो.

आणि गेल्या आठवड्यात भुजंगराव मुलाला घेऊन आले. भारत सुट्टीवर आला होता, खोकला धरला होता. कहकशा औषध काढेपर्यंत त्यानं मला उचललं, उलटंसुलटं केलं आणि कुणी न सांगता माझं बटण बरोबर दाबलं.

"तुला हे कसं ठाऊक?" तिनं विचारलं.

"आम्हाला शिकवलंय. आमचं मोठं असतं." त्याचं लक्ष माझ्या काट्याकडे होतं. "बॉम्ब पडल्यावर हे कुठं किती वाजतंय ते पाहायचं. कुठवर जायचं, कोन्ची गाडी मागं सोडायची. कोन्ची मानसं..." तो थांबला. बाप मागंच उभा आहे, हे त्याच्या ध्यानात आलं.

"कोन्ची मानसं, काय?" भुजंगरावांनी विचारलं.

"काही न्हाई बाबा."

"घरी कधी सांगितलं न्हाई तू."

"काय सांगनार?"

भुजंगराव बाकावर टेकले. कहकशानं त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. रक्तदाब वाढला होता. मी टकटकत राहिलो. मला थांबता येत नाही.

भारत काल ड्यूटीवर परत गेला. मी इथंच आहे, टेबलावर. माझा काटा जुना झालाय, नवीन बॅटरीही फार दिवस पुरत नाही. राजधान्यांतल्या बैठकांना मला आता कुणी नेणार नाही. तिथं बसणाऱ्यांनो, हमी लिहून घ्या, पुन्हा लिहून घ्या, फाटली तर भांडून तिसऱ्यांदा लिहून घ्या. पण त्या पोरानं जे शिकून ठेवलंय, ते त्याला कधी वापरायला लावू नका.