आठ तासांच्या आत

युन-च्याओच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नाही.

च्यायी शहराजवळच्या आमच्या बौद्ध विहाराचं ग्रंथालय मी सांभाळतो. अवयवदानाची पुस्तिका विहारासाठी मीच लिहिली होती. ती वाचून युन-च्याओच्या नवऱ्याने दात्याचं कार्ड भरलं. तो गेला तेव्हा तिने त्याचे डोळे दिले.

‘आठ तासांचा नामजप पुरा व्हायच्या आत डॉक्टर आले,’ तिने लिहिलं होतं. ‘मन शरीरातून निघत असताना तू त्याला हात लावू दिलास, असं सासूबाई म्हणतात. माझ्याशी बोलत नाहीत. त्याला दुखलं नसेल, एवढं दोन ओळींत लिहा, सर. तुमचं त्या ऐकतील.’

गेलेल्या माणसाला आठ तास शिवायचं नाही, शेजारी बसून अमिताभ बुद्धाचं नाव घ्यायचं, हे मीही लहानपणापासून पाळत आलोय. तरी पुस्तिकेत लिहून गेलो होतो, ‘दात्याचं मन करुणेने भरलेलं असतं, वेदना तिथवर पोहोचत नाही.’ वाक्य छान होतं. खरं होतं का, ते मला ठाऊक नव्हतं. ग्रंथ चाळत राहिलो आणि पत्र तसंच राहिलं.

परवा विहाराच्या स्वयंपाकघरात तिची सासू, त्साय आजी, बांबूचे कोंब सोलत होती. युन-च्याओ पलीकडे भाजी धूत होती.

“काय सर, नवीन पुस्तिका नाही काढली?”

“नाही, आजी.”

“काढा की. आता मूत्रपिंडावर काढा. डोळे संपले आमच्याकडचे.”

मदतीला आलेल्या दोघीतिघी हसल्या.

“आजी, यात युन-च्याओची चूक...”

“तिची नाही, तर कुणाची? बोला ना. शिकलेले आहात तुम्ही.”

मी चहाचं निमित्त करून बाहेर आलो. युन-च्याओने मान वर करून पाहिलंही नाही. माझ्याकडून तिला आता काही नकोच होतं.

घरी येऊन लिहिलं:

‘युन-च्याओ, उशिराबद्दल क्षमा मागायलाही लाज वाटते. हे सासूबाईंना वाचून दाखव. आजी, त्याला दुखलं की नाही, मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं लिहिलं, ते मी. सुनेने नवऱ्याचा शब्द पाळला. जाब मला विचारा. पौर्णिमेला मी कोंब सोलायला येईन, सगळ्यांसमोर विचारा.’

पाकीट टपालाच्या हिरव्या पेटीत टाकलं. मग ते परत काढता येतं का, म्हणून फटीत बोटं घालून पाहिली. आत जाईनात.