गुणवंतरावांचं शांत हृदय

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, गुणवंतरावांच्या बैलजोडीला पंचक्रोशीत तोड नव्हती, आणि गुणवंतरावांच्या तोंडालाही. गेल्या साली मात्र पट मारून ते छकड्यातून उतरले ते थेट भुईवर बसले. गडचिरोलीच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि आता बैल हाकणं बंद, असं बजावलं. गुणवंतरावांनी त्याचा अर्थ ‘आजच्यापुरतं बंद’ असा घेतला.

यंदा धान निघालं, बांध्या मोकळ्या झाल्या, पटाची तारीख ठरली, तसे ते छकड्याच्या चाकाला वंगण घालायला बसले.

“छकड्यावर मुखरूभाऊजी बसन,” त्यांची बायको गुणाबाई म्हणाल्या.

“मुखरू? त्याले पाहून आपला पाखऱ्या बैल धावत नाई, पाखऱ्याले झोप येते.”

मुखरू, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, तिथंच उभा होता. त्यानं जांभई दाबली.

भांडण मिटवायला जावई आला. खुशाल गडचिरोलीच्या शाळेत पीटीचा मास्तर. त्याच्या दोस्तानं जर्मनीहून एक घड्याळ आणलं होतं. छातीला ओला रबरी पट्टा बांधायचा, मनगटाला घड्याळ. मध्ये तार नाही, तरी छातीतले ठोके घड्याळात दिसत. ठरवलेल्या आकड्यापुढे गेले की घड्याळ कोकले. खुशाल ते शाळेतल्या धावणाऱ्या पोरांना बांधी. कोकललं की थांबायचं, म्हणजे कोणी छाती फुटेस्तोवर पळत नाही आणि थकल्या पायानं पडून हाड मोडत नाही. पोरांनाही यंत्र फार आवडे, कारण बसायला मिळे.

ठरलं ते असं: पटाच्या सकाळपर्यंत रोज सासऱ्यांची तपासणी. बसल्या जागी आकडा शंभरावर गेला, तर कासरा मुखरूच्या हाती.

पहिल्याच संध्याकाळी मुखरू सहज म्हणाला, “भाऊ, मी पाखऱ्याले उजवीकडून जुपीन म्हणतो.”

घड्याळ कोकललं.

“आजचं धरू नोका, जवाईबापू,” गुणवंतराव म्हणाले. “मशीन परदेशी हाय. तिले इथलं पाणी लागलं असन.”

सासऱ्याला पहिल्याच दिवशी नापास करण्याची प्रथा आपल्याकडे नाही. खुशालनं ते धरलं नाही. उलट सासऱ्यांना यंत्रात एकदम गोडी लागली म्हणून तो हरखला.

“हे पट्ट्याचं बोलणं घड्याळाले किती दुरून आयकू येते?”

“हातभर, मामाजी. त्याच्या पलीकडे नाई.”

“वा!” गुणवंतराव म्हणाले. विज्ञानाबद्दल इतक्या मनापासून ते कधीच बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून तपासणी गोठ्यात सुरू झाली. बैलाजवळ मन शांत राहते, असं त्यांचं म्हणणं. थंडीचं निमित्त होऊन पाखऱ्याच्या अंगावर झूल आली. झुलीखाली, पुढच्या पायामागे केस ओले करून, जुन्या लुगड्याच्या काठानं लांबवलेला तो पट्टा आला. आणि बंडीच्या साऱ्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून गुणवंतराव पाखऱ्याला टेकून बसले.

मुखरूनं चिडवून पाहिलं. गुणाबाईंनी तर आपल्या माहेरच्या जोडीची स्तुती केली, जे धाडस त्या घरात आजवर कोणी केलं नव्हतं. गुणवंतरावांचे कान लालभडक झाले. घड्याळ साठाच्या आसपास रवंथ करत होतं.

“असं हृदय माझ्या एका पोराचं नाई, मामाजी!”

“आपलं साधं राहणं,” गुणवंतराव नम्रपणे म्हणाले.

रोज हेच. मग पटाची सकाळ आली. मैदानावरचा भोंगा गावभर ओरडू लागला. नवा फेटा बांधून गुणवंतराव शेवटच्या तपासणीला पाखऱ्याशेजारी उभे राहिले.

घड्याळ कोकललं. थांबेचना.

“मामाजी, आडवे व्हा!” खुशालनं आणि मुखरूनं त्यांना उचलून अंगणातल्या बाजेवर टाकलं. घड्याळ गप्प झालं. खुशालनं पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. “शून्य!”

गुणाबाईंनी गळा काढायला तोंड उघडलं.

“अवो, जित्ता आहो ना मी!” गुणवंतराव ओरडले, उठले आणि गोठ्यात धावले. पाखऱ्याजवळ जाताच घड्याळ पुन्हा कोकलू लागलं.

मुखरू हळूच म्हणाला, “जाऊ द्या, भाऊ. मशीन बिघडली असन. इतके दिवस तुमचं बरोबर होतं. बसा छकड्यावर.”

खुशालनं मान डोलावली. गुणाबाईंनीही डोळे पुसत हात हलवला. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते साऱ्यांनी मिळून त्यांच्या ओंजळीत घातलं होतं. भोंग्यावर त्यांच्या जोडीचं नाव पुकारलं गेलं.

गुणवंतरावांनी गव्हाणीकडे पाहिलं. रात्रीचा चारा जसाच्या तसा. पाखऱ्याच्या कानाला हात लावला. कान तापला होता.

त्यांनी झूल उचलली.

गुणाबाईच आधी बोलल्या, “हा माह्या लुगड्याचा काठ हाय.”

खुशाल खाली वाकला. मागच्या खुराशी बाभळीचा काटा मोडून बसला होता आणि भोवती सूज धरली होती. “मामाजी, हा आज धावला असता तर...”

“मालूम हाय,” गुणवंतराव म्हणाले, आणि फेटा सोडू लागले.

मुखरू ढोराच्या डॉक्टरला आणायला सायकलवर गेला. मोकळा झालेला पट्टा गुणाबाईंनी धुतला आणि नवऱ्याची बंडी उघडून स्वतःच्या हातानं बांधला. काटा निघाला, पाखऱ्या बसला. गुणवंतराव त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. इतक्यात भोंगा ओरडला: गुणाबाईंच्या माहेरच्या जोडीनं पट मारला!

घड्याळ कोकललं.

“पाखऱ्याचं असन,” गुणवंतराव सवयीनं म्हणाले.

“त्याचं नाई,” गुणाबाई म्हणाल्या, “आणि हळू. त्याचा आत्ताच डोळा लागला.”