सौदामिनीबाईंचा पासवर्ड

भार्गवी नांदेडहून लातूरला माहेरी आली ती आईच्या फोनवर मोहीम काढूनच. चपला काढता काढता तिनं जाहीर केलं, "आई, ते जुनं ॲप आता काढून टाकायचं."

सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारं ते ॲप तीन वर्षांपूर्वी तिनंच आईला लावून दिलं होतं. बँक, पेन्शन, गॅस, वीजबिल, सगळ्यांच्या किल्ल्या आत आणि लक्षात ठेवायचा एकच मुख्य पासवर्ड. आता त्या कंपनीनं ॲपकडं बघणंच सोडलं होतं, म्हणजे कुलूप ढिलं पडत चाललेलं. नवं ॲप मजबूत होतं आणि सोपंही. फोनला चेहरा दाखवला की उघडलं, रोज टाईप करायची कटकट नाही.

सौदामिनीबाईंना नेमकी तीच कटकट हवी होती.

कारण त्यांचा पासवर्ड होता 'सिंधु' आणि पुढं जन्मसाल. माहेरी, उमरीत, बावीस वर्षं त्या सिंधु होत्या. मग लग्नात ताटभर तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, पेढे वाटले गेले आणि सिंधु तिथंच संपली. नवरदेवाचं नाव रेणुकादास, तेव्हा नवरीचंही तोलामोलाचं हवं म्हणून सासरच्या आत्याबाईंनी सौदामिनी शोधून काढलं. आणि एवढं जड नाव ठेवून वापरलं कुणीच नाही! शाळेत त्या मॅडम, घरात आई, नवऱ्याला 'अगं'. सौदामिनी आपली आधार कार्डावर.

सिंधु म्हणणारे सगळे उमरीत. आई गेली, वडील गेले आणि गेल्या दिवाळीनंतर थोरले दादाही गेले. "सिंधे, आलीस का गं!" ही फाटकातली हाक बंद झाली. तेव्हापासून त्या नावानं त्यांना आत घेणारं जगात एकच उरलं होतं, हे खुळं ॲप. पासवर्ड ठेवताना पटकन सुचलं म्हणून ठेवला होता, पण आता काम असो नसो, त्या रोज एकदा नाव टाकायच्या, कुलूप उघडायच्या आणि त्यांना बरं वाटायचं. पण साठी उलटलेल्या बाईनं हे लेकीला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"मुख्य पासवर्ड सांग," भार्गवीनं हात पुढं केला. "मी सगळं तिकडं हलवते."

"राहू दे की. हेच बरंय."

"काय बरंय? उद्या कुणी आत घुसलं तर पेन्शन साफ होईल."

"माझ्या पेन्शनवर कोण डोळा ठेवून बसलंय?"

"लई हट्टी झालीस बघ तू!"

बाईंनी फोन पदराखाली घेतला. लेकीचं चुकत नव्हतं हे त्यांना कळत होतं, म्हणून तर जास्त राग येत होता. एका नावापायी आयुष्याची कमाई उघड्यावर ठेवायची? पण ते नाव सोडवतही नव्हतं.

रेणुकादास इतका वेळ पेपरात तोंड घालून बसले होते. सिंचन खात्यातून निवृत्त झालेला माणूस, मायलेकींच्या भांडणात सहसा पडत नसे. त्यांनी पेपराची घडी घातली आणि उठले.

"सिंधु, चहा घेतेस ना? मी टाकतो."

बाई बघतच राहिल्या. भार्गवी म्हणाली, "बाबा, तुम्ही मामासारखी हाक कधीपासून मारायला लागलात?"

"तुम्हाला कसं कळलं?" बाईंनी विचारलं.

"टाईप करताना पुटपुटतेस तू. फळ्यावर लिहिता लिहिता बोलायची सवय, ती काय जाते? तीन वर्षांपासून ऐकून राहिलो मी."

"मग बोलला का नाहीत?"

"पासवर्ड होता ना तो. कुणासमोर बोलायचा नाही म्हणून ह्या भार्गवीनंच बजावलं होतं." मग जरा अडखळून म्हणाले, "आणि लाजही वाटायची. चाळीस वर्षं 'अगं'वर भागवलं. सौदामिनी काही जिभेवर बसलंच नाही."

बाईंना हसूही आलं आणि रडूही. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं हलकं वाटलं. आपण उगीच इतके दिवस जपत बसलो, असंही वाटून गेलं. त्यांनी पदराखालचा फोन काढून भार्गवीच्या हातात दिला.

"घे बाई, हलव सगळं तिकडं. नावापुढं माझं जन्मसाल टाक. हा पासवर्ड आता घरभर झाला. कुलपाच्या कामाचा नाही राहिला."

भार्गवीनं आईकडं पाहिलं. तिला सगळं उमगलं. फोनवर सिंधु आणि जन्मसाल टाकून तिनं कामाला सुरुवात केली.

आतून आवाज आला, "सिंधु, साखर कुठं ठेवलीस?"

बाईंना स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी त्या गप्प बसून राहिल्या, त्यांनी पुन्हा एकदा हाक मारावी म्हणून.