गोधडीवर उतरलेलं मोहोळ

त्या दिवशी सकाळी आमच्या घरात भांडण झालं ते गोधडीवरून.

थंडी सरली होती. इतके दिवस चोरासारखं कुंपणाकडेनं निघून जाणारं ऊन आता अंगणात ठाण मांडून बसायला लागलं होतं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं बाहेर काढायचा हुकूम सोडला. सगळी निघाली. मामंजींची लाल गोधडी तेवढी निघेना, कारण तिच्यात मामंजी होते.

"उठा आता. थंडी गेली," आत्याबाई म्हणाल्या.

"तुझ्याकडची गेली असेल. माझ्याकडं आहे अजून."

"त्या गोधडीला इतका वास मारतोय की ती आपल्या पायानं बाहेर जाईल."

"मग जाऊ दे की तिला. मला कशाला उठवतेस?"

आत्याबाईंनी एक टोक धरलं, मी दुसरं धरलं आणि आम्ही दोघींनी मिळून गोधडी ओढली. मामंजी आत गुडघे पोटाशी घेऊन पडले होते, सोललेल्या शेंगेतल्या दाण्यासारखे. उठले नाहीत. अंगावर स्वेटर ओढला आणि भिंतीकडं तोंड करून पुन्हा पडले.

माझी आठ वर्षांची लेक अंगणात होती. दिवसभर तोंड चालू म्हणून तिला सगळे टिटवीच म्हणतात. लिंबाच्या झाडापासून खांबापर्यंत दोरी बांधली होती, तिच्यावर आम्ही गोधड्या टाकल्या. टिटवी एका गोधडीतून शिरायची आणि दुसरीतून निघायची. मी पायरीवर बसून हिरवा वाटाणा सोलत होते. चार दाणे भांड्यात, एक तोंडात असं चाललं होतं. कोवळे, गोड दाणे. उन्हानं पाठ अशी भाजत होती की उठून कामाला लागावं असं वाटतच नव्हतं.

तेवढ्यात कारभारी आले, म्हणजे टिटवीचे वडील. फवारणीचा पंप त्यांनी पाणी भरायला पायरीवर ठेवला. खण असा आवाज झाला. आत मामंजी खोकत होते, तो खोकला मध्येच थांबला.

"मोहरीवर माव्याची कीड पडलीय," कारभारी माझ्याकडं बघत म्हणाले, पण सांगत होते ते खोलीच्या खिडकीला. "शेंडे चिकट झालेत सगळे."

पंप पाठीला लावून ते शेताकडं निघून गेले.

हे असं का, ते सांगितलं पाहिजे. मामंजींनी तीस वर्षं मधमाश्या पाळल्या. लिंबाखाली पाच पेट्या होत्या. दोन वर्षांमागं याच दिवसांत मोहरी अशीच फुलात होती, असाच मावा पडला होता, आणि कारभाऱ्यांनी भर सकाळी, माश्या फुलांवर असताना, कुणाला न विचारता औषध मारलं. दुपारपर्यंत अंगणात मेलेल्या माश्यांचा सडा पडला. मामंजींनी स्वतः केरसुणी घेतली, सगळ्या सुपात गोळा केल्या आणि कुंपणाशी खड्डा काढून पुरल्या. लेकाला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी चार पेट्या शेजारच्या सुताराला लाकडासाठी देऊन टाकल्या. पाचवी आत्याबाईंनी कोंबड्यांसाठी उचलली. तेव्हापासून बापलेकांत बोलणं उरलं ते 'जेवलास का' आणि 'पाणी सोडलं का' एवढंच. मग मामंजींचा गुडघा दुखायला लागला. आधी थंडीत दुखायचा, मग पावसात, मग बारा महिने. माणूस हळूहळू खोलीतच राहायला लागला.

तर वाटाणा अर्धा सोलून झाला असेल. टिटवी गोधड्यांमधून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, आभाळात मोटार चाललीय."

मीही ऐकला आवाज. घरघर नव्हे, गुणगुण नव्हे, दोन्हीच्या मधलं काहीतरी. कुंपणावरून काळसर धूर यावा तसा माश्यांचा थवा आला, लिंबाभोवती दोन वेढे घातले, आणि बघता बघता मामंजींच्या लाल गोधडीच्या काठाला लोंबायला लागला. आधी मुठीएवढा होता. मग नारळाएवढा झाला. मग चांगला पाण्याच्या कळशीएवढा घड झाला आणि दोरी खाली झुकली.

आत्याबाई स्वयंपाकघरातून जळकं लाकूड घेऊनच धावल्या. "सरका सगळे. धूर देते, पळतील."

"ठेव ते खाली."

आम्ही वळून बघितलं. मामंजी दारात उभे होते. स्वेटर उलटा घातलेला, केस पिंजारलेले. भिंतीपलीकडून त्यांनी आवाज ओळखला होता. एका हातानं दाराची चौकट धरून, गुडघा सांभाळत ते पायरी उतरले आणि घडापासून हातभर अंतरावर जाऊन उभे राहिले.

"आजोबा, चावतील," टिटवी म्हणाली.

"आज नाही चावायच्या. घर सोडताना पोटभर मध पिऊन निघतात या. पोट भरलं की माणूस भांडतो का?"

"तुम्ही भांडता," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींनी तिकडं लक्ष दिलं नाही. "पेटी आण," मला म्हणाले. "लवकर. या इथं पाहुण्या आहेत. काही जणी जागा शोधायला गेल्यात, त्या परत आल्या की सगळा थवा उठेल. घटकाभरात उठेल, नाहीतर दुपारी. सांगता येत नाही."

पेटी आणायची कुठून? पेटीत खुडूक कोंबडी बसली होती. अकरा अंड्यांवर, सोळावा दिवस.

"पेटी मिळायची नाही," आत्याबाईंनी जळकं लाकूड मातीत खुपसलं. "पाच दिवसांत पिल्लं निघतील. आता हलवली तर ती अंडी सोडून उठेल. अकरा जीव आहेत."

"इथं काही हजार आहेत."

"तुमचे हजार आपल्या पंखांनी आलेत, आपल्या पंखांनी जातील. माझे अजून कवचात आहेत."

कुंपणावरून सुतारकाकांनी डोकं काढलं. भांडण ऐकू आलं की ते रंधा खाली ठेवतातच. "मी नवी पेटी ठोकून देतो की," ते म्हणाले. "दोन तासांत."

"नव्या लाकडाच्या वासाला त्या थांबायच्या नाहीत," मामंजी म्हणाले. "जुन्या पेटीला मेणाचा वास आहे. आणि दोन तास कुणी द्यायचे?"

"मग मी देऊन काय उपयोग," असं म्हणून काका कुंपणाला रेलून उभे राहिले. पुढचं बघितल्याशिवाय जायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

मामंजी आत गेले. मला वाटलं, झालं, पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडणार. पण ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कपाटात सदऱ्यांच्या मागं ठेवलेलं. कागद सोडला तर आत चार चौकटी. त्याच, पेटीत टांगायच्या. कडेला जुनं मेण तसंच होतं, आणि धूळ म्हणून नव्हती. दोन वर्षं हा माणूस त्या पुसत होता आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

आत्याबाई त्या चौकटींकडं बघत राहिल्या. मग पदर खोचला.

"माझ्या कोंबडीला कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "मी हलवते."

त्यांनी कोंबडीच्या डोक्यावर फडकं टाकलं. अंधार झाला तशी ती गप्प झाली. एक टोपली घेतली, तळाशी पेंढा घातला आणि अंडी एकेक करून कानाशी धरत त्यात ठेवली. वर फडक्यासकट कोंबडी. "हिला अंधार पाहिजे आणि ऊब पाहिजे," म्हणत टोपली उचलून त्या सरळ मामंजींच्या खोलीत गेल्या आणि खाटेखाली ठेवून आल्या. "आता पाच दिवस खोलीत खोकायचं नाही."

"मग मी झोपायचं कुठं?"

"बाहेर. ऊन आहे."

मामंजी पेटीतली घाण खुरप्यानं खरवडायला बसले, टिटवी लिंबाचा पाला चोळून आतून पुसायला लागली, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पंप. मोहरी. या माश्या इथं राहिल्या तर उद्या उजाडताच जातील ते आमच्याच मोहरीवर.

मी चप्पल अडकवली. वाटाण्याचं भांडं पायरीवर तसंच टाकलं आणि निघाले. बांधावरून धावताना एक चप्पल चिखलात राहिली, ती घ्यायलाही थांबले नाही. मोहरी नुसती पिवळीधमक झाली होती, डोळे दिपत होते. वाऱ्यात औषधाचा वास येतोय का बघत होते. येत नव्हता, पण मी दमले होते, त्यामुळं माझ्या नाकाचाही मला भरवसा वाटेना.

कारभारी बांधावर बसले होते. पंप शेजारी. गळ्यापर्यंत भरलेला, घरून नेला तेवढाच.

"काय झालं?" ते उठून उभे राहिले. "आबांना काही—"

"आबा बरे आहेत. तुम्ही मारलं का औषध?"

"नाही."

"दोन तास झाले."

त्यांनी मोहरीकडं बघितलं. "आलो तर फुलांत माश्या होत्या. कुठल्या रानातल्या, कुणास ठाऊक. म्हटलं उठतील. उठल्या नाहीत. मग बसलो."

"नुसते?"

"नुसता."

एवढं बोलून ते खाली बघायला लागले. मोठा माणूस, पण शाळेत उभं केलेल्या पोरासारखा दिसत होता. मी त्यांना गोधडीचं सांगितलं. ते ऐकत होते आणि ऐकता ऐकता चालायलाच लागले. माझी चप्पल मात्र त्यांनी वाटेत उचलून दिली.

आम्ही पोचलो तेव्हा पेटी तयार होती. चौकटी बसवलेल्या, झाकण बाजूला काढलेलं. मामंजींनी पेटी दोन्ही हातांनी उचलून घडाखाली धरून बघितली. पेटी खाली ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली. गोधडीला झटका द्यायचा एकानं आणि पेटी धरायची दुसऱ्यानं, हे एका माणसाचं काम नव्हतं. सुतारकाका कुंपण सोडून पुढं येईनात. त्यांना माश्यांची भीती आहे हे त्या दिवशी कळलं.

कारभारी पुढं झाले. काही न विचारता पेटी उचलली.

मामंजींनी त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "अजून वर घे. काठाला लागू दे. हलू नकोस."

"नाही हलत, आबा."

"अंगावर येतील. झटकू नकोस."

"नाही झटकत."

"श्वास बाजूला सोड. त्यांच्यावर नको."

दोन वर्षांत बापलेकांचं इतकं बोलणं मी ऐकलं नव्हतं. मामंजींनी गोधडीचा काठ दोन्ही मुठींत धरला, डोळे बारीक केले आणि एकच हिसका दिला. धप्प. पिकलेलं फळ पडावं तसा घड पेटीत पडला. अंगणभर माश्या उडाल्या. टिटवी माझ्या पदरात शिरली. आत्याबाई दारातून म्हणत होत्या, "हळू, हळू," कुणाला ते त्यांनाही माहीत नसावं. कारभाऱ्यांच्या मनगटावर, खांद्यावर, केसांत माश्या चालत होत्या. ते पुतळ्यासारखे उभे. मध्येच त्यांचा चेहरा एकदा वाकडा झाला, तेवढंच.

मामंजींनी झाकण सरकवलं, पेटी लिंबाखालच्या दगडांवर ठेववली आणि आपण समोर जमिनीवर बसले, गुडघ्याची तक्रार न करता. पेटीच्या फटीपाशी पाच-सहा माश्या आल्या, शेपट्या वर करून पंख हलवायला लागल्या.

"राणी आत आहे," मामंजी म्हणाले. "या बाकीच्यांना बोलावतायत."

आणि खरंच, हवेतल्या माश्या उतरायला लागल्या. रांगेनं, घाई न करता, शाळा भरल्यासारख्या आत जायला लागल्या. सुतारकाका कुंपणापलीकडून म्हणाले, "आता माझी पेटी नको म्हणा," आणि समाधानानं रंधा मारायला गेले.

"आबा, मावा राहिलाय मोहरीवर," कारभारी खाली बघत म्हणाले. "औषध नाही मारलं. चार पोती कमी होतील."

"होऊ देत," मामंजी म्हणाले. मग लेकाकडं वळून, "तुला चावली ना?"

"एक. कानामागं. केसांत अडकली होती."

"इकडं ये."

कारभारी जवळ जाऊन खाली बसले आणि मान कलती केली. मामंजींनी त्यांचा कान मुडपला, केस बाजूला केले आणि अंगठ्याच्या नखानं खरवडायला लागले. बराच वेळ खरवडत होते. दुसरा हात लेकाच्या मानेवर होता. कारभाऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"एवढा वेळ लागतो होय एक काटा काढायला?" आत्याबाईंनी दारातून विचारलं.

"खोल गेलाय," मामंजी म्हणाले.

मी तिथंच उभी होते. काटा मघाशीच निघाला होता. त्यांच्या नखावर होता, मला दिसत होता.