पुलावरचा म्हातारा

गेममधल्या शत्रूच्या राजाने पुन्हा वार चुकवला, तशी ताई भडकली. तो एका घावात मरायला हवा होता. गेम कमीत कमी वेळात संपवायचा आराखडा तिचा. तो गेम आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकेक बटण करून भरायचं काम धाकट्या भावाचं. या गेममध्ये कर्सर एक घर जादा सरकला तरी पुढचे सगळे फासे वेगळे पडतात, बसणारा वार हुकतो, हुकणारा बसतो. म्हणजे याने कुठेतरी माती खाल्ली होती.

ती एकेक लढाई मागे गेली. पुलाच्या लढाईत चोरी सापडली. तिथे वेळ वाचवायला आपल्या म्हाताऱ्या घोडेस्वाराला मरू द्यायचं ठरलं होतं. पण कर्सरने उगाच एक वळसा घेतला होता आणि म्हाताऱ्यावरचा बाण हुकला होता.

“हा काय शहाणपणा?”

“पहिल्या लढाईपासून आपल्यासोबत आहे गं तो,” भाऊ पुटपुटला. “हात धजावला नाही.”

“तुझ्या मायेपायी माझ्या मेहनतीवर पाणी पडलं!”

तिने कीबोर्ड ओढून घेतला आणि वळसा खोडला. बाण बसला. म्हातारा कोसळला आणि बोलू लागला. कुठलंही बटण दाबलं तरी त्याचं शेवटचं बोलणं तुटेना. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ पळत होतं. हे बोलणं ताईने हिशेबात धरलंच नव्हतं. म्हाताऱ्याला वाचवायला जितका वेळ लागला होता, त्याच्या कितीतरी पट त्याला मरायला लागत होता.

तिने कीबोर्ड भावाकडे सरकवला.

“वळसा परत घाल,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “राजाचं मी बघते.”