चार आणि एक

जून संपायच्या आत हयातने ठरवून टाकलं होतं, की यंदा उन्हाळ्याचं घर समुद्राला लागूनच घ्यायचं, आणि तेही रास शमालाच. नवऱ्याला, रिधाला, ते पसंत नव्हतं. त्याच्या मते हम्मामेतलं एखादं हॉटेल घ्यावं, मनगटाला त्यांची प्लास्टिकची पट्टी बांधून घ्यावी, दिवसातून तीनदा ताट भरून आणावं आणि भांडी दुसऱ्या कुणीतरी घासावीत.

"भाड्याचं घर म्हणजे काय?" तो म्हणाला. "आपलंच स्वयंपाकघर गाडीच्या टपावर बांधायचं आणि दोनशे किलोमीटर वाहून न्यायचं. पंखा, गाद्या, कुसकुसचं पातेलं, गॅसची टाकी. मागच्या वर्षी तर तू शिडीसुद्धा घेतली होतीस."

"शिडी तू घेतलीस. अँटेना हलवायला."

"बरं, शिडी माझी. बाकी सगळं तुझं."

"बाबांसाठी जायचंय, रिधा," हयात म्हणाली आणि तो विषय तिथेच संपला.

बाबा म्हणजे हयातचे वडील, अमोर. वय एक्क्याऐंशी. फेब्रुवारीत हयातची आई गेली, तेव्हापासून ते मुलीकडे, ट्युनिसच्या बार्दो वस्तीत, राहायला आले होते. अंगणातल्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसत. सकाळी कॉफी, संध्याकाळी तेलात बुडवलेला पावाचा तुकडा, एवढ्यावर त्यांचा दिवस निघे. डॉक्टरीणबाईंनी हयातला दारापर्यंत सोडताना हळू आवाजात सांगितलं होतं, "हा उन्हाळा निघेल. पुढचं मी बोलत नाही. मागतील ते द्या."

त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. पंचवीस जुलैला, औस्सूच्या पहिल्या सकाळी, त्यांना रास शमाच्या पाण्यात पाय घालायचे होते. औस्सूचे चाळीस दिवस जमीन भाजून काढतात, पण पहिल्या सकाळी समुद्रात उतरलेल्या माणसाचं दुखणं पाण्यातच राहतं, असं सगळेच मानतात. बाबांचा जन्म त्याच गावातला. एकोणिसाव्या वर्षी ते राजधानीत कामाला आले ते इकडचेच झाले. गावात आता त्यांचं कुणी उरलं नव्हतं.

हयातला हवं होतं ते इतकंच: बाबांना तिथे न्यायचं, त्यांचे पाय भिजवायचे आणि त्यांना परत आणायचं. यातलं शेवटचं ती कुणापाशी बोलली नव्हती.

जाहिरात सापडली थोरल्या मुलीला, युस्रला. ती सतरा वर्षांची होती आणि घरातल्या सगळ्यांचे फोन तीच दुरुस्त करायची. 'रास शमा. घर. पाय पाण्यात. फक्त कुटुंबाला.' खाली मोबाईलचा नव्हे, घरच्या फोनचा नंबर होता.

"पाय पाण्यात, म्हणजे समुद्राला लागून, असं सगळेच लिहितात," युस्र म्हणाली. "मागच्या वर्षीही आपले पाय पाण्यातच होते. फक्त पाणी गटाराचं होतं."

हयात पोस्टात नोकरीला होती. उन्हाळ्यात कचेऱ्या दुपारी सुटतात. घरी येऊन, जेवणं आटोपून, सगळे आडवे झाल्यावर तिने तीन वाजता फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग एका म्हातारीने उचलला. तिने नाव सांगितलं, मन्नूबिया. हयातची तब्येत विचारली, घरच्यांची विचारली, उकाडा कसा आहे ते विचारलं, आणि हयातने प्रत्येकाला उत्तर देऊन तेच प्रश्न तिला परत विचारले. हे झाल्यावर म्हातारी कामाचं बोलली.

"किती जण येणार?"

"चार आणि एक, मावशी."

ट्युनिसमध्ये वाढलेली कुठलीही बाई असंच म्हणाली असती. पाच हा आकडा कुणाच्या तोंडावर म्हणायचा नसतो. ते समोरच्याच्या डोळ्यांत पाच बोटं खुपसण्यासारखं. बाजारात टोमॅटो घेतानाही हयात चार किलो आणि एक किलो म्हणायची. मुली हसायच्या, पण त्याही परक्या माणसाशी बोलताना तसंच म्हणायच्या.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अल्ला तुम्हाला सबूर देवो," मावशी म्हणाली.

"सबूर लागणारच, मावशी. या उन्हात सामान बांधायचं म्हणजे."

मावशी हसली नाही. हयातने विचारलं, बयाणा कसा पाठवू.

"बयाणा नको. तुम्ही मोजून सांगितलंत ना, तेवढं पुरे. औस्सूच्या आदल्या दिवशी या. दार उघडं असेल."

त्या संध्याकाळी जेवताना हयातने घर ठरल्याची बातमी सांगितली. धाकटी मलका, दहा वर्षांची, लगेच पोहण्याचा चष्मा शोधायला उठली. बाबांनी हातातला पाव खाली ठेवला.

"किती जण सांगितलंस?"

"चार आणि एक."

"असंच म्हणालीस? याच शब्दांत?"

"मग काय, पहिल्याच फोनला म्हातारीच्या तोंडावर तो आकडा मारू?"

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी टेबलावरचे पावाचे कण तळहाताने एका बाजूला सारले. "बरं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून बाबा बदलले. रोज दाढी करू लागले. पावाला हात लावणं जवळजवळ बंद झालं, पण चेहऱ्यावर शांतपणा आला. एका सकाळी त्यांनी आपलं घड्याळ काढून रिधाच्या हातात दिलं.

"काका, हे काय? चालत नाही का?" रिधाने सासऱ्यांना विचारलं.

"चालतं. म्हणून तर तुला दिलं."

हयातने कपाटावरची मोठी बॅग काढली आणि बाबांचे दोन सदरे त्यात ठेवले. ते दारात येऊन उभे राहिले. "माझं काही भरू नकोस," ते म्हणाले. "मला लागणार नाही." म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, असं समजून तिने सदरे मुलींच्या कपड्यांखाली सरकवले.

अठरा जुलैला, पुन्हा दुपारी तीनलाच, मावशीचा फोन आला. तिला आपला नंबर दिल्याचं हयातला आठवत नव्हतं. पण हल्ली नंबर दिसतो, असं तिच्या मनात आलं, आणि घरच्या फोनवर तो कसा दिसेल हा विचार तिला पुढे बऱ्याच वेळाने सुचला.

"पलंग घातलेत," मावशी म्हणाली. "तुम्हा चौघांचे आतल्या खोलीत. एकाची चटई गच्चीवर, समुद्राच्या बाजूला. फक्त नाव तेवढं हवं होतं."

"कुणाचं नाव, मावशी?"

"त्या एकाचं. पाण्याचा घडा नावाने भरतात ना. नाव नसलं तर दुसराच कुणीतरी पिऊन जातो."

हयात स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. अंगणात बाबा लिंबाखाली डोळे मिटून बसलेले खिडकीतून दिसत होते.

"मावशी, आमच्यात वेगळं असं कुणी नाही. मी, माझा नवरा, दोन मुली आणि माझे वडील. सगळे मिळून तेवढे. आम्ही इकडे असंच म्हणतो."

"तो आकडा म्हणायचा नसेल तर आम्ही 'हाताएवढे' म्हणतो," मावशी म्हणाली. "चार आणि एक म्हणतात ते ज्या घरातला एक जण पाण्यातून परत आला नाही, त्या घरात. तरी त्याला मोजायचं सोडत नाहीत. औस्सूला ते गेलेले येतात, माझ्या गच्चीवर उतरतात. माझं घर त्यासाठीच आहे, मुली. जाहिरातीत लिहिलंय की."

"जाहिरातीत पाय पाण्यात लिहिलंय."

"तेच."

हयात स्टुलावरून उठली. आवाज मात्र तिने पोस्टाच्या खिडकीवर ठेवायची तसाच ठेवला. "माझी चूक झाली, मावशी. माझे वडील जिवंत आहेत. आता माझ्यासमोर बसलेत. तुम्ही ते बदलून घ्या. गच्चीवरची चटई काढा."

"एकदा मोजलेलं पुन्हा मोजत नाहीत."

"आम्ही पाच जण आहोत," हयात म्हणाली.

शब्द तोंडातून गेला. पलीकडे पाण्याचा आवाज येत होता, लाटेचा नव्हे, भांड्यात ओतल्यासारखा. तो थांबला.

"हे तू मला म्हणालीस," मावशीने विचारलं, "की त्याला?"

खिडकीबाहेर बाबांनी डोळे उघडले होते. ते तिच्याकडेच पाहत होते आणि त्यांनी एक हात डोळ्यांवर आडवा धरला होता. त्यांच्या खुर्चीवर तर सावली होती.

हयातने फोन ठेवला. संध्याकाळी तिने रिधाला सांगितलं, की घर हातचं गेलं, म्हातारीने ते अल्जीरियाच्या लोकांना दिलं. रिधाला मनातून आनंद झाला, तो त्याने लपवला नाही. अर्ध्या तासात त्याने हम्मामेतल्या हॉटेलात अठ्ठावीस जुलैपासूनच्या खोल्या घेतल्या. "पट्टी बांधली की झालं," तो म्हणाला. "शिडी नको, काही नको." बाबांना सांगायचं काम हयातकडे आलं. तिने तीच थाप पुन्हा मारली आणि वर म्हणाली, "समुद्र काय बाबा, हम्मामेतही तोच आहे. तीन दिवस उशिरा, एवढंच."

"अल्जीरियावाले का," बाबा म्हणाले. "येऊ देत. गच्ची मोठी आहे तिथली."

गच्चीबद्दल तिने त्यांना काही सांगितलं नव्हतं.

चोवीस जुलैच्या संध्याकाळी हयातने बाहेरच्या दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या उशाखाली ठेवली. का, ते रिधाने विचारलं. चोरांचे दिवस आहेत, असं ती म्हणाली.

पंचवीसच्या सकाळी ती उठली तेव्हा किल्ली जागेवर होती, कुलूपही होतं. बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून घोरणं ऐकू येत होतं. तिने बाहेरूनच दोन मिनिटं ते ऐकलं. मग ती कॉफी टाकायला गेली. रिधा अंगणात झाडांना पाणी घालत होता, मुली टेबल मांडत होत्या. सात वाजून गेले होते. फोन वाजला.

"तुम्हा चौघांची वाट पाहिली," मन्नूबिया मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही चौघं काही आला नाहीत. एक आले. उजाडता उजाडता. नाव त्यांनीच सांगितलं, म्हणून घडा भरता आला. पाण्यात उभे राहिले, चटईवर थोडे टेकले. म्हणाले, मुलगी घाबरलीय, तिला कळवा, पोचलो म्हणून."

हयात फोन ठेवून बाबांच्या खोलीकडे गेली. दार उघडलं.

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. पायजमा गुडघ्यांपर्यंत दुमडलेला. सपाता पलंगाखाली, कोरड्या, कालच्याच जागी. दोन्ही नडग्यांवर, घोट्यांच्या वीतभर वर, सरळ पांढरी रेघ उमटली होती. बोटांच्या बेचक्यांत वाळू होती. हयातने खाली बसून त्या रेघेवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट.

"बाबा, कुठे गेला होता?"

"कॉफी झाली का?" ते म्हणाले. "आणि दोन अंडी उकड. भूक लागलीय."

फेब्रुवारीपासून त्यांनी हा शब्द उच्चारला नव्हता. त्यांच्या गालांवर रंग होता. हात धरला तर तो उबदार होता, नाडी लागत होती. हयातने ती मोजली, पुन्हा मोजली. टॉवेल आणून तिने त्यांचे पाय पुसले. वाळू गेली. रेघ गेली नाही.

ती त्यांना धरून अंगणात घेऊन आली तेव्हा टेबलावर चारच बशा होत्या. एक बशी बाजूला, खिडकीच्या कठड्यावर ठेवली होती, त्यात पाव आणि शेजारी पाण्याचा पेला.

"ती तिकडे का ठेवलीस?" तिने मलकाला विचारलं.

मलकाने खिडकीकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "माहीत नाही, आई. मोजलं तर एवढेच झाले."

हयातने कठड्यावरची बशी उचलली आणि आपल्या आणि रिधाच्या मध्ये ठेवली. आणखी एक खुर्ची सरकवून बाबांना तिथे बसवलं. अंडी आणली, ऑलिव्ह आणले, कॉफी ओतली. मग उभं राहून, एकेकावर बोट ठेवत, तिने मोजलं: रिधा, युस्र, मलका, मी, बाबा.

"पाच," ती मोठ्याने म्हणाली. "आपण पाच जण आहोत."

"सकाळी सकाळी कुणाच्या डोळ्यांत बोटं घालतेस?" रिधा हसून म्हणाला. मनगटावरच्या बाबांच्या घड्याळात त्याने वेळ पाहिली.

बाबा अंडं सोलत होते. कवच त्यांनी नीट एका बाजूला जमवलं, पुढे केलेलं मीठ त्यांनी हाताने परत सारलं. लहानपणी हयातचं काही चुकलं की जसं सांगायचे, तसंच ते मायेने म्हणाले,

"तसं म्हणू नये, पोरी. चार आणि एक म्हण."